समोरच्या घराचं मत

२ ऑक्टोबर, मंगळवार

उभी राहिले निवडणुकीला! लिहिताना माझं मलाच हसू येतंय. नाशिकला सोसायटीच्या मीटिंगकडे कधी फिरकले नाही, आणि इथं लाल समुद्राच्या काठी कंपाउंडच्या रहिवासी मंडळावर आमच्या गल्लीची प्रतिनिधी व्हायला निघालेय. विरुद्ध खुरानासाहेब. कोपऱ्यावरचं घर, दिल्लीचे, सकाळी टाय लावून कचरा टाकायला जातात ते.

कारण एकच. शाळेची बस. मॅनेजमेंट म्हणते मुलं उरलीत कुठं, बस बंद करू. खुराना म्हणतात करा. त्यांची मुलं कॅनडात, त्यांचं काय जातंय. ईशा दहावीला. शाळा जेद्दाला, तासाभराची वाट. शिरीष उजाडायच्या आत प्लांटवर. मला गाडी येत नाही. शिकायला नाव घातलंय, नंबर लागेल तेव्हा लागेल. बस गेली तर आम्ही मायलेकी चंबूगबाळं आवरून नाशिकला, तेही बोर्डाचा फॉर्म भरून झाल्यावर. नियम असा की गल्लीचा प्रतिनिधी नाही म्हणाला तर त्या गल्लीची बस काढता येत नाही. म्हणून हा उपद्व्याप.

शि. म्हणाला, "हरलीस तर?"
म्हटलं, तर पोहे स्वतः करायला शीक.

५ ऑक्टोबर, शुक्रवार

एका घराला एक मत. पण घरं आहेत कुठं? अर्धी गल्ली बंद. एकेकाच्या खुर्चीवर सौदी माणूस येत गेला आणि एकेक घर रिकामं होत गेलं. सौदायझेशन म्हणायचं आणि बॅगा भरायच्या. पायऱ्यांवर वाळू साचलीय. बंद घरांना मत नाही, फक्त 'ओपन' घरांना. गेटवर ओपन घरांची नावं लावलीत.

समोरच्या घराचं नाव अजून तसंच! दाऊदभाई आणि रुकय्याभाभी. ते तर ईद झाल्यावर फायनल एक्झिटवर, म्हणजे कायमचे गेले, श्रीवर्धनकडे, गावी. दाऊदभाईंची शिपिंग ऑफिसातली जागा गेली.

कंपाउंडच्या ऑफिसात फहादला विचारलं. हा आधीच्या केरळी कुरियनच्या जागी नवा आलेला. सालस मुलगा, शब्दाला फार जपतो. म्हणाला, "सिस्टर, यू टोल्ड मी. शी इज कमिंग."

मी? कधी?

मग आठवलं. गेटवर टॅक्सी उभी, भाभी माझ्या गळ्यात पडून रडत होती. टॅक्सीत बसताना म्हणाली, "येते गो, सुनीता." फहादनं मला विचारलं, व्हॉट डिड शी से? आणि मी डोळे पुसत सांगितलं, शी सेड, आय ॲम कमिंग.

डोकं मराठीत, तोंड इंग्रजीत. आपण निघताना 'जाते' म्हणतो का कधी? लहानपणी चुकून म्हटलं तरी आईचा धपाटा पडायचा. कुरियनला बरोबर समजलं असतं, त्यांच्या मल्याळममध्येही जाऊन येतो म्हणतात. फहादनं मात्र शब्द धरून ठेवला. म्हणून चार महिने समोरच्या घरात पाणी चालू, बुरशी धरू नये म्हणून एसी चालू, माळी तिच्या कढीपत्त्याला पाणी घालतोय.

तेव्हाच सांगायला हवं होतं की बाबा रे, ती येणार नाही. पण हसू आवरेना. पुढच्या वेळी सांगेन म्हणत बाहेर पडले.

८ ऑक्टोबर, सोमवार

प्रचार! असरची, तिसऱ्या प्रहराची अजान झाली नि निघाले. केरळची नर्स, हो म्हणाली. पेशावरचे काका, "बेटी, बच्चों का मामला है, वोट तुम्हारा." हैदराबादवाले आधी खुरानांकडे जेवून आलेले, तिथं डाळ शिजणं कठीण.

परत येताना सवयीनं समोरची बेल वाजवली. खरंच सवयीनं. पाच वर्षं रोज वाजवत होते.

वाजवून झाल्यावर लक्षात आलं. वळणार, तेवढ्यात आतून सपाता वाजल्या. रबरी. डावा पाय टेकून, उजवा घासत. भाभीचा उजवा गुडघा दुखतो. आवाज दारापर्यंत आला. आणि थांबला.

म्हटलं, "भाभी?"

 दाराच्या फटीतून गार हवा पायांवर येत होती.

घरी येऊन चहा केला. साखर दोनदा घातली बहुतेक, पिववेना. शि. म्हणतो एसीचा डक्ट ठोकतो कधीकधी. इंजिनियर माणूस, भूत दिसलं तरी आधी डक्ट तपासेल.

१० ऑक्टोबर, बुधवार

राहवेना, गावी फोन लावला. सून बोलली, तबस्सुम.

"अम्मी बरी नाय हो. खात नाय. सोमवारी मगरीबच्या टायमाला एकदम उठली, म्हणते दार वाजतंय, सुनीता आली. उघडायला गेली नि उंबऱ्यात पडली. दारात कोण नव्हता."

विचारलं, लागलं का?

"लागला नाय. पण तेव्हापासून अंगातला जीवच गेल्यागत झालाय. म्हणते माझा घर उघडा आहे, मला जाऊन यायचा आहे. मी म्हणते अम्मी, ह्याच तुमचा घर. तर माझ्याकडे बघते नुसती."

आमच्याकडे असर झाली की त्यांच्याकडे मगरीबची, सूर्य मावळायची वेळ होते. अडीच तासांचा फरक. फोन ठेवल्यावर मी हेच घोकत बसले होते.

शि.ला फक्त भाभी आजारी एवढंच सांगितलं. बाकीचं तोंडातून निघेना. मला भीती वाटतेय. आणि वाईट वाटतंय. मी बेल वाजवली नसती तर ती पडली नसती, असं काहीतरी वेड्यासारखं डोक्यात.

१४ ऑक्टोबर, रविवार

ईशा बसमधून उतरली, दप्तर टाकलं, म्हणाली, "मम्मा, खाला इज बॅक? शी वेव्ह्ड."

कुठून?

"किचन विंडो. लाइक ऑल्वेज."

ओरडले तिच्यावर. उगाच. ती बिचारी बघतच राहिली. म्हणाली, "व्हॉट डिड आय डू?" काहीच नाही केलंस बाई. ओट्यावरून आमची बस दिसते, भाभी रोज लाटणं हलवून हात करायची, खरं आहे.

दुपारी कपडे वाळत घालताना वास आला. तव्यावर पाणी फिरवल्यावर तांदळाच्या भाकरीला येतो तो. या गल्लीत तांदळाची भाकरी करणारं आता कुणी नाही. मीही नाही, माझी उलटताना तुटते.

पडदे लावून घेतले. मग वाटलं, ती काय परकी आहे? ईशाला गोवर आला तेव्हा हीच बाई माझ्या घरी येऊन राहिली होती. पडदे उघडले. परत लावले.

१८ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. आपट्याची पानं नाहीत, कढीपत्त्यावर भागवतो दरवर्षी. झाड समोरच्या अंगणात. दरवर्षी भाभीच तोडून द्यायची, "घे तुझा सोना" म्हणत.

या वर्षी जायचं धाडस झालं नाही. सकाळी दार उघडलं तर पायरीवर एक डहाळी. शि. म्हणाला माळ्यानं ठेवली असेल. असेल. माळी बांगलादेशचा आहे, त्याला दसरा कुणी सांगितला ते मी विचारलं नाही. पूजेत ठेवली.

२० ऑक्टोबर, शनिवार

मतदान झालं.

ऑफिसात खजुराचा रिकामा डबा, त्याला चीर पाडलेली. प्रत्येक ओपन घराच्या दारातून चिठ्ठी आधीच आत सरकवली होती, मागे घराचा नंबर. खूण करायची नि दिवसभरात आणून डब्यात टाकायची. संध्याकाळी सगळ्यांसमोर फहादनं डबा उघडला.

खुराना आणि मी, बरोबरीत. शेवटची चिठ्ठी राहिली. ती उघडेना. चार घड्या, आणि कोपरा आत खोचलेला. पुडीसारखी.

 भाभीच्या मसाल्याच्या पुड्या अशाच यायच्या माझ्याकडे. रबर नाही, टाचणी नाही, कोपरा आत खोचला की झालं.

फहादनं नखानं उलगडली. खूण माझ्या नावापुढे. मागे समोरच्या घराचा नंबर.

खुराना उठले. "अरे भाई, वो तो खाली घर है!"

फहाद म्हणाला, नॉट खाली. ओपन. आणि माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

२१ ऑक्टोबर, रविवार

शि.नं सरळच विचारलं, "तू टाकलीस?"
नाही.
"ईशा?"
"गॉड प्रॉमिस, पपा, नो." खोटं बोलताना तिचे कान लाल होतात. झाले नाहीत. किल्ली तर फहादच्या कपाटात. तो म्हणतो हललेली नाही.

फहादनं आज बोलावून घेतलं. खजूर पुढे केले. फार नम्रपणे म्हणाला की घर ओपन आहे ते माझ्या शब्दावर. तेव्हा पुढच्या रविवारी मीच सांगायचं. "कमिंग, ऑर खलास?"

कमिंग म्हटलं तर मत धरणार, मी निवडून आले, बस राहिली. खलास म्हटलं तर मत रद्द, घराला कुलूप, पाणी-वीज बंद. मग बरोबरी. बरोबरी झाली तर मॅनेजमेंटचं खरं. म्हणजे बस गेलीच.

"आय ट्रस्ट यू, सिस्टर," म्हणाला. याला कुणीतरी अविश्वास शिकवा रे.

२३ ऑक्टोबर, मंगळवार

शेवटी शि.ला सगळं सांगितलं. सपाता, सोमवारची वेळ, भाकरीचा वास. हसला नाही, हे त्यातल्या त्यात बरं.

शि. : "खरं ते सांगून टाक. गेली म्हणावं."
मी : "गेली? माणूस तिकडे अंथरुणाला खिळलंय आणि मी इथं ऑफिसात उभी राहून सांगू, रुकय्याभाभी गेली?"
शि. : "अगं, इंग्रजीत सांग!"
मी : "इंग्रजीत सांगितलं म्हणून तर हे झालं."

 तो म्हणाला बस नसेल तर तो शिफ्ट बदलून मागेल. त्याला कोण देतंय शिफ्ट बदलून? त्याच्या टेबलाशेजारी दोन सौदी मुलं काम शिकायला बसवलीत. मागायला तोंड उघडलं तर उद्याची बॅग आजच भरावी लागेल.

मला एकच समजत नाही. माझ्या शब्दानं ती इथं अडकलीय का? अडकली असेल तर ईशाच्या बससाठी मी तिला अडकवून ठेवायचं? आणि सोडवायला गेले, खलास म्हटलं, घराला कुलूप पडलं, तर तिकडे तिचं काय होईल?

देवापुढे बसले. 

२६ ऑक्टोबर, शुक्रवार

फोन. तबस्सुमनं भाभीच्या हातात दिला. आवाज इतका बारीक की मी टीव्ही बंद केला.

"सुनीता. ईशाची बस चालू आहे ना?"

तिकडे कुणालाच मी बसचं बोलले नव्हते. तबस्सुमलाही नाही.

म्हटलं, आहे भाभी.

"मग बरा." दम खाऊन म्हणाली, "दमले गो. तिकडचा आवरायचा, हिकडचा आवरायचा. एकटीनं होत नाय."

मला रडू फुटलं. म्हटलं भाभी, तू नको आवरूस, मी बघते सगळं.

"बघशील? मग सांग. दार लावून घेऊ काय? की राहू दे उघडा?"

मी काही बोलायच्या आत फोन कटला. परत लावला, लागला नाही. शि. म्हणतो तिकडे नेटवर्क असंच आहे. खरं आहे, असंच आहे.

२८ ऑक्टोबर, रविवार

ठरवलं. खलास म्हणायचं. एवढ्या थकलेल्या बाईकडून मी लेकीची बस चालवून घेणार नाही. नाशिकला जाऊ, बोर्डाचं बघू, रडू, होईल ते होईल. रात्रभर विचार करून हेच ठरलं. शि. "तुला पटेल ते कर" म्हणून गेला. साडी नेसले, वर घालायला अबाया कपाटातून काढून खुर्चीवर ठेवला. ईशाला बसवून दिलं की सरळ ऑफिस.

बस आली. समोरच्या ओट्यावरच्या खिडकीकडे मी मुद्दाम बघितलं नाही.

ईशा रोज "बाय मम्मा" म्हणते. जन्मल्यापासून बायच म्हणते, मराठी बोल म्हटलं तर तोंड वाकडं. आज पायरीवर चढली, वळली. माझ्याकडे बघून हसली.

म्हणाली, "येते गो."

गं नाही. गो.

दार लागलं, बस कोपऱ्यावरून वळली. शाळा अडीचला सुटते. ती घरी येऊन बाय म्हटल्याशिवाय, काहीतरी इंग्रजीत बोलल्याशिवाय मी ऑफिसात जाणार नाही. फहादचा दोनदा फोन येऊन गेला. उचलला नाही. अबाया खुर्चीवर आहे. मी दारातच बसलेय, दार उघडं ठेवून.