डावीकडची सुई

५ मार्च
पोचले एकदाची सुराबायात! इस्पितळामागच्याच गल्लीत खोली मिळाली, वाराही छान येतो. घरमालकीण बू मार्तिनी साठीची, चिपाड अंगाची, जिभेने तिखट. दारातच म्हणाली, आलीस का वनिंगबाई, डॉक्टरांची घरं भरायला? पण रावोनचा काळा रस्सा मात्र काठोकाठ वाढला.

७ मार्च
डॉक्टर हर्तोनो भला माणूस. वयात आल्यापासून माझी छाती उजवीकडे भरलेली, डावीकडे पोरासारखी सपाट. हे सांगताना पहिल्यांदाच मान खाली गेली नाही. त्यांनी चित्र काढून समजावलं. पोटावरची चरबी डावीत भरता येते, पण त्यातली बरीच जिरते. उजवी थोडी लहान करता येते. माझी कातडी आवळ आहे, म्हणून आधी आत रिकामी पिशवी ठेवायची, दर खेपेला थोडं मिठाचं पाणी भरून कातडी सैल करायची आणि मग कायमचं रोपण. मी पिशवीला हो म्हटलं. बहिणीच्या लग्नात कापूस न कोंबता अंगाबरोबरचं कबाया-पोलकं घालणार मी!

९ मार्च
बू मार्तिनीने डावीकडे सुसुक घातला. केसासारखी सोन्याची सुई, मंत्र पुटपुटत कातडीखाली सरकवली. आमच्याकडे नशीब खुलावं म्हणून लग्नाआधी, परीक्षेआधी बायका घालून घेतातच, मग शस्त्रक्रियेआधी का नको? डॉक्टरांना सांगितलं तर गुण जातो म्हणाली. कशाला सांगतेय!

४ एप्रिल
पिशवी बसवल्याचे टाके सुकले. आज पहिलं पाणी भरलं. आरशात उंचवटा दिसला आणि आनंदाने रडूच फुटलं.

६ एप्रिल
सपाट. पिशवी तर धड आहे. मग पाणी गेलं कुठे? डॉक्टर माझ्यावरच खेकसले, काय उपद्व्याप केलेस म्हणून. सुईचं मात्र सांगितलं नाही.

१८ एप्रिल
पुन्हा भरलं, पुन्हा सपाट. आता उजवीही ओघळतेय. आणि बू मार्तिनीच्या कबायाची बटणं ताणलीयत — त्या चिपाडाच्या छातीवर एवढं कुठून — सुई काढ म्हटलं तर हसली. म्हणाली, रडतेस काय, दोन्ही सारख्या हव्या होत्या ना? होतायत की. चांडाळीण!

२३ एप्रिल
डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं. एक्स-रेत सुई दिसली. उद्या काढणार. इस्पितळातच राहिलेय. विंचरताना पांढरे केस — माझे?

२४ एप्रिल
बू मार्तिनी आली. वॉर्डात. तरणीताठी. मी ओरडले, हिला बाहेर काढा — आवाजच फुटेना. नर्सने तिलाच विचारलं, या खाटेवरची मुलगी कुठाय, आणि या आजी कोण — तिने स्वतःचं म्हणून माझं नाव सांगितलं. वनिंग मीच म्हणाली, बरी झालेय, सुई राहू दे, आजींना तेवढं घरी —