पाठीवरची नागीण

माय, सगळ्यात आधी आली ती माझी थोरली जाऊ. जीप अजून पारापाशी वळायली होती, तोवर ही पिठाचे हात घेऊन दारात. "अगं धाकले, तुझ्या नागिणीला सरकारी पाव्हण्या आल्या बघ! आमाला मेलं साधा ताप आला तरी कुणी इचारत न्हाई." मी घाईघाईनं चांगलं लुगडं नेसले. तू हसशील, पण दसरा झाला आन् लेक-सून पोरांना घेऊन ऊस तोडायला गेले. तेव्हापासून ह्या घरात माझ्याशिवाय दुसऱ्या माणसाचा चहा उकळलेला नाही. जाऊ येते, पण उंबऱ्यातच उभी राहून भांडून जाते.

आल्या त्या दोघी. एक चष्मेवाली डॉक्टरीणबाई आणि एक पोरगी, तिच्या हातात पाटीएवढा मोबाइल. दवाखान्यातून माझा पत्ता घेतला म्हणाल्या. साऱ्या देशात गावोगाव असंच विचारायलेत म्हणे, विषाणूवरच्या गोळ्या कोण खातं, वेळेवर खातं का, कोण अर्ध्यातच सोडतं, कोण डॉक्टरला न विचारता मेडिकलवरून आणतं. कोरोनापासून लोकांना सवयच लागली, साध्या सर्दीलाही मागून नेतात. आणि उगाच खात राहिलं तर पुढं खऱ्या दुखण्यात गोळी चालेनाशी होते, असं बाई समजावून सांगायल्या. मी मान डोलावली. माझ्या पाठीवरची नागीण दिल्लीपर्यंत जाणार म्हणल्यावर मला लय भारी वाटलं बघ.

आणि तुझी आठवण आली. बोरीला, माहेरी, आपल्या चुलीपुढं तू बसली आहेस. मी पाट्यावर दुर्वा आणि भिजवलेले तांदूळ वाटतेय. समोर कुणीतरी उघड्या पाठीनं बसलाय, नागीण कमरेवरून पोटाकडं निघालीय. तिचं तोंड न् शेपूट भेटलं की माणूस गेला असं सगळे म्हणतात, म्हणून तू आधी मधली जागा लेपानं अडवतेस. एका बोटानं, हळूहळू. मला कुणाच्या तरी लग्नातली गंमत सांगायची असते, मी तोंड उघडते, आणि तू माझ्याकडं न बघताच म्हणतेस, "टकळे, गप. लेप ऐकायलाय." त्या लेपानं किती बरे झाले आणि किती आपोआप, देव जाणे. पण तुझ्या बोटाखाली माणसं शांत व्हायची, ते मी बघितलंय.

संक्रांतीच्या तोंडावर माझ्या पाठीला आग सुटली. हात लावून बघितलं तर फोड. मी घाबरले नाही. दुर्वा आणल्या, तांदूळ भिजवले, तुझ्यासारखाच गुळगुळीत लेप वाटून वाटीत काढला. मग खाटेवर बसले, आणि तेव्हा कळलं, माय, की पाठीला माझा हात पुरत नाही. जाऊ तर भावाकडं पूर्णेला गेलेली. वाटीतला लेप बघता बघता वाळून गेला. दुसऱ्या दिवशी पहिल्याच एसटीनं पालमचा दवाखाना गाठला.

तिथल्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, दिवसातून पाच डाव घ्यायच्या. मी म्हणलं, लिहिता-वाचता येतं, पण मला घड्याळ कळत नाही. तो हसला. "आजी, गावात मशीद हाय ना? बांग झाली की एक गोळी." तसंच केलं. पहाटे बांग व्हायची, मी उठून गोळी गिळायची, पुन्हा आडवी व्हायची. त्या दिवसांत मला वेळच्या वेळी हाक मारणारं तेवढंच होतं.

डॉक्टरीणबाई लय खुश झाल्या. "आजी, तुम्ही लगेच दवाखान्यात गेलात! नाहीतर आधी लेप, मग मांत्रिक, मग आम्ही. तोवर गोळीची वेळ निघून जाते. तुम्हाला कुणी सांगितलं?" मोबाइलात उत्तरं आधीच लिहिलेली होती, पोरीनं वाचून दाखवली. आशाताईंनी, टीव्हीवर, घरच्यांनी. मी म्हणलं, घरच्यांनी. तशी जाऊ दारातून, "कोणते गं घरचे? मांजर का?" सगळ्या हसल्या, मीबी हसले. खरं तुला सांगते. लेपाला दुसऱ्याचा हात लागतो. गोळी एकटीला गिळता येते. पण हे उत्तर त्या मोबाइलात नव्हतं.

मग बाईंनी विचारलं, लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का? आल्या होत्या की! तू लिंबाचा पाला अंथरून मला मांडीवर घेतलं होतंस, फुंकर घालत बसली होतीस. बाई म्हणाल्या, नागीण बाहेरून येत नाही आजी, त्याच कांजिण्यांचा विषाणू अंगात झोपून राहतो, म्हातारपणी उठतो. म्हणजे तुझ्या मांडीवर होते तेव्हापासून ती माझ्या अंगात आहे. लग्न झालं, तू गेलीस, तुझा पाटाही भावांच्या वाटणीत गेला, आणि माहेराहून आलेलं हे एवढंच माझ्याजवळ राहिलं. तिच्यावर आता राग धरवत नाही बघ.

उठता उठता बाईंनी गोळ्यांचं रिकामं पाकीट मागितलं, नाव टिपून घ्यायला. मी म्हणलं, "कुठं ठेवलं की, आठवंना. हुडकून ठेवते, पुन्यांदा या." जाऊनं माझ्या कमरेकडं बघितलं, आणि दारातून सरकून पाव्हण्यांना वाट करून दिली. माय, पाकीट माझ्या कमरेच्या पिशवीतच होतं. एकही गोळी चुकवलेली नाही.

हे लिहिलेलं कुणाला वाचून दाखवायचं नाही मला, आणि पाठवायचं तरी कुठं? घडी करून उशीखाली घालते. बाई येत्या बेस्तरवारी येते म्हणाल्यात.