देवीच्या वळणावरचं नाणं

व्हाइटफील्ड, बंगळुरू

ती. बाबा,

तुम्हाला आणि आईला नमस्कार. मी मजेत आहे. डबा बरा मिळतो, फक्त सांबार जरा गोड असतं. फोनवर बोलले असते तर आवाज चढला असता, म्हणून लिहितेय.

दादाने पाठवलेला व्हिडिओ पाहिला. संयोगितावहिनी तुमची बुलेट कुंभार्ली घाटातून चालवतेय आणि तुम्ही मागे आरामात बसलाय! छान चालवते हो. वळणावर जराही बिचकत नाही. पुन्हा पुन्हा बघितलं, एखादी तरी चूक सापडेल म्हणून.

मी किल्ली मागितली की तुम्ही म्हणायचात, "घाट आहे तो, अंगण नाही." तिच्या हातची मेंदी पुरती गेली नाही, तोच तिला किल्ली मिळाली. असू दे. सून लाडकी असावीच.

देवीच्या वळणावर चालवणाऱ्याला हँडल सोडता येत नाही, म्हणून नाणं टाकायचं काम मागच्याचं. इतकी वर्षं ते माझं होतं. व्हिडिओत त्या वळणावर तुमचा हात वर गेला, आणि मला जेवण गेलं नाही.

आईचे गुडघे कसे आहेत? तुम्ही बीपीची गोळी घेता ना?

काळजी कराल म्हणून एक सांगितलं नव्हतं. मी इथे जुनी बुलेट घेतलीय. रविवारी नंदी हिल्सची सगळी वळणं एकटी चढते. मागची सीट रिकामी असते.

दिवाळीला येतेय. किल्ली वहिनीकडून घेऊन ठेवा. नाणं मात्र तुमच्याच खिशात असू द्या.

तुमची,
स्मृती