डोळा लावायची जागा

धारूर, मंगळवार संध्याकाळ

आठ वर्षं खपून दुर्बिणीला जोडायचं यंत्र बनवलं. गेल्या आठवड्यात ते डोंगरावर बसलं आणि मी थकून घरी आलो. आज भाकरी थापता थापता आईनं विचारलं, "मग त्यातून काय काय दिसलं रे?"

काय सांगणार? त्याला डोळा लावायची जागाच नाही. ताऱ्याचा उजेड आत जातो, आकडे बाहेर येतात. ते वाचणारे दुसरेच. म्हटलं, "मी कधी पाहिलंच नाही गं."

वाटलं, हसेल. ती तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "आमी तरी कुठं पाह्यलं? जलमभर ऊस तोडला. कारखान्यात गाडी रिकामी केली की परत फडावर. साखर कशी बनती, ते कधी बघितलंच न्हाई."

डोळा लावायची जागा नाही, हे मला आठ वर्षांत एकदाही खटकलं नव्हतं. आज पहिल्यांदा खटकलं.