गाडीतली खोट

हिवरखेड,
रविवार, १२ जानेवारी

चि. सौ. प्रणाली हिला अनेक आशीर्वाद.

काल सकाळी मारुतीला पाणी घालून आलो, गाडीपुढचं लिंबू-मिरची तोडून टाकलं आणि एकटाच गाडी घेऊन अकोल्याला गेलो. त्याबद्दल लिहायचं आहे. पण आधी घरचं सांगतो. तुरीची सोंगणी आटोपली. तुझ्या सासूच्या हाताचं प्लास्टर निघालं. भाकर थापताना अजून कळ येते, तरी कोणाला चुलीजवळ येऊ देत नाही. तुझ्या आईबाबांना नमस्कार.

गाडी तुझ्या-अंकुरच्या लग्नाच्या आठवड्यात दारात आली. आधी ती तेल्हाऱ्याच्या गिट्टीच्या रस्त्यावर ब्रेक दाबूनही न थांबता तुरीत शिरली. मग फाट्यावर बाभळीला धडकली, त्यात सासूचा हात मोडला. दोन्ही वेळा तू गाडीत होतीस. आता वाटतं, असणारच की. गाडी निघायचीच तुला आणायला, नाहीतर न्यायला. एवढी साधी गोष्ट आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आली नाही. आम्ही चाकांवरून नारळ ओवाळले, काळे दोरे बांधले.

आणि गाडीच्या कंपनीचा निरोप दिवाळीपासून अंकुरच्या मोबाईलवर पडून होता. त्याला ती जाहिरात वाटली. परवा त्याने वाचून दाखवला. ब्रेक आणि गाडी घसरू न देणारी यंत्रणा ज्या सॉफ्टवेअरवर चालते, त्यात चूक आहे; खडबडीत रस्त्यावर ब्रेक वेळेवर लागत नाही; गाडी आणून फुकट दुरुस्त करून घ्या.

अकोल्याच्या शोरूममध्ये करिश्मा नावाची मुलगी आहे. तिने गाडीला वायर जोडली, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि स्टिअरिंगकडे पाहून हसली. "काका, हे दोरे कोनं बांधले? यायनं ब्रेक लागत असते त मले नोकरीच राह्यली नसती."

मीही हसलो. पण परत येताना त्याच गिट्टीवर मुद्दाम ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. मग बराच वेळ मला ती पुढे नेववली नाही.

तुला आठवत असेल. मी ते लिहायचं टाळत होतो. मारुतीच्या पायरीवर, आरती झाल्यावर, माझी थोरली बहीण जयवंता चारचौघींत म्हणाली होती, "पोरीचा पायगुणच तसा हाय. थे बसली का गाडी थांबतच नाही." तू मागे प्रसादाचं ताट घेऊन उभी होतीस. मी घंटेखाली हात जोडून उभा होतो. मला ऐकू आलं होतं. मी डोळे उघडले नाहीत. देवापुढे आहे, असं मनाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तू बडनेऱ्याला गेलीस आणि आम्ही 'माहेरपणाला गेली' म्हणत राहिलो.

परवा संक्रांत, तुझी पहिली. सासूने काळं लुगडं आणून ठेवलं आहे. पण त्यासाठी ये, असं मी म्हणणार नाही. हे पत्र अंकुर एसटीने घेऊन येतो आहे. गाडी आणू नको, असं मीच त्याला सांगितलं. त्या गाडीत बसायचं की नाही, या घरात यायचं की नाही, हे तू ठरव.

माझ्याकडून व्हायचं होतं ते काल संध्याकाळी झालं. शनिवार, देऊळ भरलेलं. आरती संपली आणि मी पायरीवर उभा राहिलो. जयवंता म्हणाली, "पुंजा, आता काय बोलून राह्यला रे देवळात?"

म्हटलं, "बाई, तू जिथं बोलली, तिथंच बोलतो. माह्या सुनेचा पायगुण वाईट नाही. खोट गाडीत होती, ते आज निघाली. अन् मी सगळं ऐकून गप्प राह्यलो, ते खोट माह्यात होती."

या वेळी माझे डोळे उघडे होते.

उशिरा बोललेला,
तुझा सासरा
पुंजाराम