तिरकं उभं राहावं

४ नोव्हेंबर
नोकरी मिळाली, घर मिळालं आणि घराला चक्क ऊन येणारी खिडकी मिळाली. आणखी काय हवं? माझ्या लेकीने, चिमणीने, आल्या आल्या खिडकीपाशी बूड टेकलं ते उठेचना. तिला आता अक्षर अक्षर लावून वाचता येतं. जोडाक्षर आलं की गाडी अडते. आई म्हणाली, पोरीला मी बघते, तू निवांत कामावर जा.

काम मोजमापाचं आहे. नखाएवढ्या काचेवर केसाहून कितीतरी पातळ फिल्म, तिच्यात चाळणीसारखी बारीक भोकं, ओळीने. प्रकाश आत शिरतो, भोकाभोकांतून घुमतो आणि एका ठरावीक रंगाचा होऊन बाहेर पडतो. हा पाहुणा आत जितका रेंगाळेल तितकं पडद्यावरच्या आलेखाचं शिखर टोकदार. आमचं सगळं सुखदुःख त्या शिखरात. मोजणीच्या खोलीला जाड काचेची भिंत आहे. लेसर आतच असतो, म्हणून दार आतून लावलं की वर लाल दिवा लागतो, मग ते बाहेरून उघडत नाही.

फिल्म बनवणाऱ्या ताईंनी एकच नियम सांगितला: फिल्मसमोर कायम तिरकं उभं राहायचं. का, असं विचारलं तर म्हणाल्या, इथली रीत आहे.

७ नोव्हेंबर
रीत म्हणे! फिल्म सरळ बसवायची साधी युक्ती मला ठाऊक आहे. लेसर बंद ठेवायचा, डोळा समोर न्यायचा; आपलंच बुबुळ मधोमध दिसलं की फिल्म काटकोनात बसली. तिरकं उभं राहून हे कसं जमावं? ताई जेवायला गेल्या होत्या, मी डोळ्याने लावून टाकली. शिखर असं टोकदार आलं की आमच्या विभागाचे सर खुर्चीतून उठले. म्हणाले, अशी नजर लाखात एखादीची. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

१३ नोव्हेंबर
आता रोज डोळ्यानेच लावते, आणि शिखर रोज आणखी टोकदार. सर खूश आहेत. ताईंना अजून सांगितलेलं नाही.

आज एक गंमत झाली. मी पापणी मिटून उघडली, आणि मग समोरच्या प्रतिबिंबाने पापणी मिटली. दमलेय, दुसरं काय.

घरी आले तर चिमणी म्हणाली, आई, दिवा लाव ना, तू नीट दिसत नाहीस. दिवा लागलेलाच होता.

१९ नोव्हेंबर
ताईंना कळलं. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी आधी फिल्म झाकली. म्हणाल्या, तिरका गेलेला प्रकाश बाहेर येतो. अगदी सरळ गेलेल्याला तिथून वाट नाही.

"तू फिल्मला नुसता डोळा नाही लावलास गं. तू स्वतःला दिलंस."

माझ्या आधीची मुलगीही डोळ्यानेच लावायची. ती नोकरी सोडून गेली असं सर सांगतात. तिला जाताना ताईंनी पाहिलेलं नाही.

२२ नोव्हेंबर
आरशात मागची खुंटी दिसली. माझ्या छातीच्या आरपार.

चिमणीला जवळ घेतलं तर ती किंचाळली. आवाज आईचा, हात आईचे, मग आई कुठे आहे? मी हाक मारली की माझी आई तिचे कान झाकते. मग स्वतःचे. मला फार भीती वाटते आहे. चिमणीने मला पुन्हा कधी पाहिलंच नाही तर —

२४ नोव्हेंबर
फिल्म फोडायला गेले. तिच्यात मी होते. हसत, पापण्या मिटत-उघडत. फोडली तर जे उरलंय तेही — हात उचललाच नाही.

ताई कामावर येत नाहीत. सरांना फिल्ममधली मी दिसते, इथली नाही; माझ्या अंगावरून चालत गेले असते, मी बाजूला झाले.

२५ नोव्हेंबर
आई चिमणीला घेऊन माझी चौकशी करायला माझ्या कामाच्या ठिकाणी आली. मी त्यांच्या मागोमाग. चिमणीचं रडणं थांबेना. सरांना दया आली. म्हणाले, "रडू नको बाळ. चल, तुला आई दाखवतो."

तिला एकटीला काचेच्या खोलीत नेलं. दार लागलं. लाल दिवा —

आईच्या कानाशी ओरडले. तिने कान घट्ट दाबून घेतले, डोळे मिटले. काच बडवतेय. सर वळून बघतात. कोणी नाही. पुन्हा चिमणीकडे. तिला स्टुलावर चढवतायत. फिल्मसमोर. सरळ. ती हसतेय, तिला मी दिसतेय —

वही. मी दिसत नाही, हातातली वही तर दिसते. हे आधी का नाही — मोठ्या अक्षरांत लिहून काचेला लावते. जोडाक्षर नको —

चिमणे बाजूला हो

चिमणे इकडे बघ

आई तिकडे नाही आई इथ