व्याह्यांनी गाड्या किती आनाव्यात

न्हाई त्रिंबकराव, मधली भिंत म्या तुमच्या वऱ्हाडासाठी पाडली न्हाई. कोनी तसं सांगत आसंल तर त्याला मनावं, तलवाड्याच्या सुंदररावाला भिंती पाडायची हौस न्हाई अन कोनाच्या गाड्यांची वाट मोकळी करायचीबी न्हाई. भिंत पडली ती पडली. कशी पडली ते पुढं सांगतो, पन आदी रामराम घ्या. लिहिताना रामराम मागं राहिला ते मनावर घेऊ नका, राग आला की माजा बोरू पुढं पळतो.

तर माजलगावच्या सगळ्या मंडळींस्नी हात जोडून रामराम. तुमच्या गुडघ्याचं कसं हाय? विहीनबाईंचा खोकला राहिला का? जावईबापू धर्मराज खुशाल आसतील. आमची शिवकन्या बरी हाय, हळद दळून दळून पिवळी झालीय, लगीन लागायच्या आदीच. आमच्या घरी सगळे चांगले, फकस्त माजं डोस्कं ठिकानावर न्हाई, अन ते तुमच्या निरोपामुळं.

म्हाळू धनगर मेंढरं घिऊन तुमच्याकडनं आला अन त्यानं निरोप सांगितला की, व्याही बारा गाड्या आनायलेत. सगळी भावकी, शिवाय वाजंत्री निराळी. आता बारा गाड्या तुमी आना न्हाईतर बारा हत्ती आना, मला काय. पोरीच्या बापानं न्हाई मनायचं नसतं. पन इकडं एक हुकूम निगालाय तो तुमाला ठाऊक नसंल, तवा ध्यान दिऊन वाचा.

झालं आसं. कोन्या बड्या साहेबाची मोटार बाजाराच्या दिशी गावातनं निगाली. रस्त्यात गाड्याच गाड्या सोडलेल्या, जुवं खाली, बैल मोकळे. एक बैल मोटारीच्या पुढं ऐन मदी बसला. मोटार भोंगा वाजवती तसा तो आनखी निवांत रवंथ करतो. (मी हुतो तितं. बैलाची काई चूक नव्हती. तो आदीपासून बसलेला हुता, मोटार मागून आली.) साहेब लाल झाले, अन पुढच्याच बाजारी दवंडी पिटली. रस्त्यावर कोनी गाडी सोडू न्हाई. ज्याच्या घराला जितके खण आसतील तितक्या गाड्या उभ्या राहतील येवढी जागा त्यानं आपल्याच हद्दीत दाखवावी. लगीनकार्य आसंल तर येतील तितक्या गाड्यांची जागा दाखवावी, पटवाऱ्याच्या वरचे गिरदावरसाहेब यिऊन मुआयना करतील, मंजी जागा तपासतील. जागा नसंल तर गाड्या वढ्यापलीकडं सोडाव्यात अन मानसांनी चालत गावात यावं.

मंजी बगा, जागा दाखवली न्हाई तर तुमी, तुमची भावकी अन मुंडावळ्या बांधलेला नवरदेव, समदे वढ्यातनं धोतरं वर धरून येनार. अन तुमचा सोभाव मला ठाऊक हाय. सुपारी फोडायला आलतात तवा पाटाच्या जागी घोंगडी टाकली म्हनून तुमी घटकाभर उभे राहिलतात. वढ्यातनं चालवलं तर तुमी तितूनच माघारी वळाल अन आमची पोर हळद लावून बसंल. म्हनून म्या हे सगळं केलं. तुमच्यासाठी न्हाई, पोरीसाठी.

पयलं तर म्या पटवाऱ्याशी भांडलो. आमचं माळवदाचं घर सात खणांचं. गाडी एक. मंग बाकीच्या सहा गाड्यांची जागा कोनासाठी? एका खणात कडबा, एकात शेंगा, एका खणात तर साखराबाईनं (आमची कारभारीन) तिच्या माहेरच्या फुटक्या घागरी ठिवल्यात. म्या मनलं, घागरीला भेटायला कोन गाडी जुंपून येनार हाय? पटवारी मनला, हुकूम हाय. त्या मानसाला हे दोनच शब्द येतात. मंग म्या इचार केला, खण कमी केले की गाड्या कमी. मधला खांब काढला की दोन खणांचा एक होतो, ह्यात कायद्याचं काय बिगडलं? खांब काढला. तुळई करकरली, वरची माती ढासळली अन साखराबाईच्या कालवलेल्या पिठात पडली. खांब पुन्यांदा लावला. तवापासून मला जेवायला त्याच खांबाखाली बसवती, अन वाढताना वर बगती.

मंग जागा करायला लागलो. परसात आमचा उकिरडा हुता, माज्या आज्यापासूनचा. तो उपसला अन शेतात टाकला. खड्डा मातीनं भरला, वरून सारवलं, आसं झ्याक झालं की मीच दोनदा तितं बसलो. कडब्याची गंज हालवली. बैलांची दावन एका अंगाला घेतली. बारा न्हाई, सातबी न्हाई, पन चार गाड्या नक्की मावतील आसं झालं. म्या मनलं, आदी चारीचा तर मुआयना हूं द्या, मग व्याह्यांची समजूत घालू.

गिरदावरसाहेब आले त्यांच्या छकड्यातनं. मानूस लई सभ्य, पन लई बारीक. रिकामी जागा दोरीनं मोजून त्यांचं समाधान हुईना. गाड्या उभ्या करून दाखवा मनले, भरलेल्या. मंग म्या मानाची रीत म्हनून त्यांचाच छकडा पयला आत घेतला, पार टोकाला, भिंतीला लावून. त्याच्यामागं आमची गाडी. त्याच्यामागं समोरच्या शेजाऱ्याची. सगळ्यांच्या मागं, ऐन दारात, म्हाळू धनगराची गाडी, लोकरीनं भरलेली. मावल्या का न्हाई चार? मावल्या! साहेबांनी मान हालवली. म्हाळूनं बैल सोडले अन पानी पाजायला नेले. साखराबाईनं साहेबांस्नी जेवू घातलं. साहेब ढेकर दिऊन उठले, छकडा जुंपा मनले, अन बाहेर बगितलं.

"सुंदरराव," साहेब मनले, "ये बाहेर कैसी निकलेगी?"

त्रिंबकराव, तुमी आमी जलमभर गाड्या हाकल्या. बैल मागं सरत न्हाई, हे काय कोनी शिकवायला पायजे? पन जागा करायच्या नादात आत जायचाच इचार केला, बाहेर यायचा कोनीच केला न्हाई. मी न्हाई, शेजारी न्हाई, सरकार तर न्हाईच. बरं, म्हाळूची गाडी आदी काढावी तर तिचं चाक उकिरड्याच्या खड्ड्यात उतरलेलं, पार मदल्या तुंब्यापत्तूर; आमचे बैल जुंपून बगितले तर आनखीच रुतलं. वरून सारवन झ्याक, खालून माती भुसभुशीत. लोकर उतरवावी तर म्हाळू तिला कोनाला हात लावू दीना, अन त्याचे बैल पानी पिऊन तसेच त्याच्या मेव्हन्यानं गेवराईला नेलेले, मोट चालवायला. मेव्हना मनला की उद्या आनतो. उद्या त्याचा उद्या निगाला.

साहेब आमच्याकडं राहिले. सकाळी धपाटे, दुपारी आमटी-भाकरी, सांजच्याला पिठलं. साखराबाईचा हात त्यांस्नी मानवला, पन छकड्याशिवाय जायचं कसं? सरकारी मानूस पायी निगाला तर गावात काय मनतील? अन मला त्यांचं बोलनं निमूट ऐकून घ्यावं लागलं. ते खांबाखाली बसून मला एकच गोष्ट इचारायचे. मुआयन्यात हाल येवढे, तर लग्नात काय? व्याह्याचा मान मंजी त्याची गाडी आत जाताना पयली पायजे. अन निगतानाबी पयलीच पायजे. मंग जी पयली आत गेली ती शेवटी निगनार, हे व्याह्याला कोन सांगनार? (बगा, ह्यो तुमचाच मान साहेब राखत हुते. तुमी त्यांस्नी लग्नात मानाची एक टोपी द्या.) मंग साहेबच भिंतीकडं बोट दावून मनले, पलीकडं काय हाय?

पलीकडं अर्जुनराव हाय. माजा धाकटा भाऊ. तुमी त्याला वळखत न्हाई, कावून की सुपारीला आमी त्याला बोलावलं नव्हतं. वाटन्या झाल्या तवा परसातला लिंब मधोमध आला, अन त्याच्या सावलीत कोनाची गाडी उभी राहावी ह्याच्यावरनं बोलाचाली झाली. ती आसी वाढली की भिंत घातली. भिंत घालताना गवंड्यानं दोरी जरा वाकडी धरली अन लिंब पलीकडं गेला. तवापासून आमचं बोलनं न्हाई. कामच पडलं तर बैलाला सांगतो, तो ऐकतो.

तसंच ह्या वेळीबी केलं. भिंतीपाशी उभा राहिलो अन मोठ्यानं मनलं, "तांबड्या, पलीकडच्या मानसाच्या कानावर घाल, सरकार आमच्या परसात अडकलंय."

पलीकडून आवाज आला, "कपिल्या, त्यान्ला सांग, सगळ्या गावाला दिसायलंय. मजा बघायला मानसं आमच्या माळवदावर चढलीत."

"तांबड्या, इचार बरं, भिंत कोनाची हाय?"

"कपिल्या, सांग, ज्याची मिजास जास्ती त्याची."

साहेब तोंडाला उपरनं लावून हासायला लागले. "सुंदरराव," मनले, "ये दो बैल जियादा समझदार हैं. जमीन इन्हीं के नाम पे कर दो."

मी काई बोलायच्या आदी पलीकडून पहार बसली. धप्प! म्या त्याला पाड मनलंच नव्हतं. आता धाकट्यानं आदी पाडली आसं गावात झालं आसतं, म्हनून म्याबी पहार घेतली. दोगं दोन अंगांनी. घाम येवढा आला की भांडायचं राहूनच गेलं. मदेच एक दगड सुटा निगाला, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेला, मागं वीतभर बोगदा. म्या साखराबाईकडं बगितलं. अर्जुनरावानं त्याच्या कौशल्याबाईकडं बगितलं. ह्या दोगी जावा आज कित्येक सालं त्या बोगद्यातनं विरजन अन बातम्या इकडून तिकडं करीत हुत्या, अन आमी दोगं खुळ्यावानी बैलाशी बोलत हुतो!

भिंत पडली. साहेबांचा छकडा आमच्या दारानं आत आलता, तो अर्जुनरावाच्या परसातनं, लिंबाखालनं, त्याच्या दारानं सरळ बाहेर पडला. वळवायचं काम न्हाई, सरकवायचं काम न्हाई. जो पयला आत तो पयला बाहेर. साहेबांनी जाता जाता लिहून दिलं की दोन्ही परसं मिळून हद्द एक धरावी, बारा गाड्यांस जागा मंजूर.

आता तुमी खूश व्हाल. होऊ नका. म्या अर्जुनरावाला त्याच वक्ताला सांगितलं (सरळ, बैल मदी न घेता) की वरात गेली की भिंत पुन्यांदा घालायची. तो मनला, घाला. म्या मनलं, घालनारच. मंग दोन परसांचं ह्ये खूळ कशाला? म्हनून म्हंतो, तुमी चार गाड्या आना. चार आमच्या एकट्याच्या परसात मावत्यात. मानाचं मी बघून घेईन, तुमचं जू मी माज्या हातानं उतरवीन, चाकावर पानी घालीन. भावकीतल्या मानसांनी दाटीवाटीनं बसावं, ते काय कापसाचे गठ्ठे हायेत मोकळे ठिवायला? चार मंजी चार. कळावं.

आपला होनारा व्याही
सुंदरराव, तलवाडा

ता.क. विहीनबाईंस साखराबाईचा नमस्कार. तिनं सांगितलंय की मुआयन्याचं व्याह्यांस्नी लिहू नका, हासतील. ते वर लिहून झालंय.

ता.क. दुसरा. पत्र बंद करीत हुतो तेवढ्यात परसात गेलो. लिंबाखाली कोनाचीच गाडी न्हाई. अर्जुनरावानं त्याची गाडी उन्हात वढून ठिवलीय, अन सावली रिकामी सोडलीय, आमच्यासाठी. आता त्यानं सोडलेल्या सावलीत मी गाडी लावनार व्हय? म्याबी आमची उन्हातच ठिवली. दोन्ही गाड्यांची लाकडं तडकायलीत, अन सावलीत म्हाळूचं कुत्रं पाय ताणून झोपलंय.

ता.क. तिसरा. चार गाड्यांचं वर लिहिलंय ते खोडा. बाराच आना. मिळाल्या तर आनखी आना, उसन्या आना. अन एक जुनी गाडी आसी आना की जिचा आख मोडका हाय. ती बरुबर पडल्या भिंतीच्या जागी उभी करा, अन निगताना 'आख मोडला, सवडीनं नेऊ' आसं चार मानसांपुढं मोठ्यानं मना. न्यायला घाई करू नका. पाव्हन्यांची गाडी हालवून तिच्या जागी भिंत घालता येत न्हाई, ही रीत हाय, अन रीत म्या मोडली आसं कोनी मननार न्हाई. साल-दोन साल राहिली तरी तिची देखभाल आमी दोगं करू. आमी दोगं कावून लिहिलं ते इचारू नका. म्हाळूलाबी इचारू नका. मी ह्याच्या पुढं काई सांगनार न्हाई.